फॉर्म भरला, निरोप कुठे गेला?

संकेतस्थळावरचा फॉर्म बंद पडला तरी दिसायला तो चालूच असतो. पान उघडतं, रकाने भरता येतात, बटण दाबलं की खाली हिरवी चौकट उमटते आणि तिच्यात ‘धन्यवाद, आपला निरोप पाठवला आहे’ असं लिहून येतं. भरणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ज्याच्याकडे तो निरोप यायचा, त्याला मुळात काही यायचं होतं हेच माहीत नसतं. तो आपल्या कामात. तक्रार करायला दोन्हीकडे कुणी उरत नाही. म्हणूनच संकेतस्थळांच्या सगळ्या बिघाडांमध्ये हा बिघाड मला सगळ्यात वाईट वाटतो.

माझं माहेर मिरजेचं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून हा लौकिक आहे आणि आजही सीमेपलीकडून, अथणी-चिकोडी-रायबागकडून, रुग्ण इथे येतात. गावात एक रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. फाउलर बेड, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन असं साहित्य थोडी अनामत ठेवून घेऊन गरजूंना वापरायला दिलं जातं आणि साहित्य परत आलं की अनामतही परत मिळते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. केंद्राचं संकेतस्थळ एका तरुण कार्यकर्त्यानं वर्डप्रेसवर बांधून दिलं होतं. तो नोकरीसाठी बाहेर गेला आणि नंतर काही अडलं की फोन मला यायला लागला.

फोन करतात ते काका. बँकेतून निवृत्त झालेले, दुपारी आणि संध्याकाळी केंद्रात बसणारे. गावात त्यांना सगळेच काका म्हणतात.

“अगं, मस्कतहून एका बाईंचा फोन आला होता,” काका म्हणाले. “म्हणाल्या, आम्ही दोन वेळा फॉर्म भरला, तुम्ही साधी पोचसुद्धा दिली नाहीत. मला तर काहीच आलेलं नाही. तू जरा बघतेस का?”

त्या बाईंचे वडील मिरजेत एकटे राहतात. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, डिस्चार्जची तारीख ठरली आणि घरी पलंग हवा होता. तिकडची नोकरी, मधल्या सुट्टीची अडचण, आपल्याकडची केंद्राची वेळ संपलेली; अशा वेळी रात्री शांतपणे बसून भरता येतो तो फॉर्मच. शिवाय आणखी एक गोष्ट मला कायम जाणवते. वडिलांसाठी कमोड खुर्ची हवी आहे, आईला मोठ्या माणसांचे डायपर लागतात, हे बोलून दाखवणं पुष्कळ लोकांना जड जातं. अनोळखी माणसाला फोनवर सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटतं. केंद्राच्या समितीतले एक जण तेव्हाच म्हणाले, काढून टाका तो फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर द्या की झालं. मी ठाम नाही म्हटलं. नंबर तर द्यावाच, पण ज्याला लिहूनच मागायचं आहे त्याची वाट बंद करू नये.

पहिली तपासणी अगदी साधी. मी स्वतः फॉर्म भरला. हिरवी चौकट आली. काकांना विचारलं, काही आलं? नाही. स्पॅममध्ये बघा. तिथेही नाही. बरं, केंद्राच्या पत्त्यावर बाकीचे मेल येतायत का? तर ते व्यवस्थित येत होते: देणगीदारांचे, बँकेचे, साहित्याच्या दरपत्रकांचे. माझ्या जीमेलवरून थेट त्या पत्त्यावर मेल टाकला, तो क्षणात पोहोचला. खरं तर या भरलेल्या इनबॉक्सनंच सगळ्यांना गाफील ठेवलं होतं. रोज मेल येतायत, म्हणजे मेल चालू आहे, असंच कुणालाही वाटणार.

असं काही घडलं की लोक आधी प्लगइनवर घसरतात. हे अपडेट करा, ते काढा, थीम बदला, कॅश साफ करा. होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षातूनही मला कॅश साफ करण्याचाच सल्ला मिळाला. पण हिरवी चौकट येते आहे, याचा अर्थ फॉर्मनं आपलं काम केलं आहे असा घ्यायला हवा. शोध त्याच्या पुढच्या टप्प्यापासून सुरू करायचा. फॉर्म जिथे निरोप धाडतो, तो पत्ता मी थोडा वेळ बदलून माझा खासगी जीमेल पत्ता घातला. फॉर्म पुन्हा भरला. मेल आला! स्पॅममध्ये आला, पण आला. म्हणजे सर्व्हर मेल पाठवतो आहे, बाहेर जाऊ देतो आहे, फक्त केंद्राच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवलेला मेल पोहोचत नाही. या एका चाचणीनं निम्मं काम झालं. परक्याकडे जातो आणि घरच्याकडे जात नाही, ही या दुखण्याची नेमकी खूण.

इथे हिरव्या चौकटीचा खरा अर्थ सांगायला हवा. वर्डप्रेस पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे. पीएचपीमध्ये मेल पाठवण्याचं एक तयार फंक्शन आहे. ते त्याच सर्व्हरवर बसलेल्या मेल प्रोग्रामच्या हाती मजकूर देतं, आणि त्या प्रोग्रामनं तो ठेवून घेतला की ‘हो’ असं उत्तर देतं. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच, की मजकूर शेजारच्या टेबलावर ठेवला. पुढे तो कुणाच्या हाती पडला, वाटेत परतवला गेला, कुठे अडकला, याच्याशी त्या उत्तराचा संबंध नाही. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण फॉर्मची हिरवी चौकट त्या ‘हो’वरच उमटते आणि लोकांना सांगते की निरोप पाठवला.

मग शेजारच्या टेबलावरून तो जातो कुठे, हे बघायचं होतं. होस्टिंग सीपॅनेल या नियंत्रण-पटलावर होतं आणि सीपॅनेलमध्ये ‘ट्रॅक डिलिव्हरी’ नावाची एक सोय असते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या फार थोड्या लोकांना ती माहीत असते, आणि माझ्या मते या कामात तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. ती उघडली. माझ्या प्रत्येक चाचणीसमोर हिरवी बरोबरची खूण होती. ‘यशस्वी’. मी नोंद उलगडून बारीक अक्षरं वाचली. जीमेलकडे गेलेल्या मेलसमोर वाहतुकीचा मार्ग लिहिला होता ‘रिमोट एसएमटीपी’, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी बोलून दिला. केंद्राच्या पत्त्यावर गेलेल्या मेलसमोर मात्र ‘व्हर्च्युअल युजर’ असं होतं. तो मेल सर्व्हरच्या बाहेर पडलाच नव्हता. सर्व्हरनं तो आपल्याच पोटात ठेवून घेतला होता आणि पोहोचवल्याची नोंद केली होती.

कारण लगेच उलगडलं. काही महिन्यांपूर्वी केंद्राचा मेल होस्टिंगवरून गूगलकडे हलवला होता. सेवाभावी संस्थांना गूगल ही सोय विनामूल्य देतं, आणि काकांना मोबाइलवर मेल बघायला ती सोयीचीही होती. मेल हलवताना डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या पत्त्यांच्या जाहीर नोंदवहीत, एमएक्स नावाची नोंद बदलतात. या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा, हे ती नोंद जगाला सांगते. ती बदलली गेली होती, अगदी बरोबर. जगानं ती वाचली आणि मेल गूगलकडे न्यायला सुरुवात केली. पण डीएनएसची व्यवस्था होस्टिंगच्या बाहेर, डोमेन जिथून घेतलं तिथे होती. तिथला बदल होस्टिंगच्या सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्याच्या स्वतःच्या यादीत हे डोमेन अजून ‘आपल्या घरचं’ म्हणून लिहिलेलं होतं. आणि घरच्या डोमेनसाठी सर्व्हर एमएक्स बघायला जातच नाही; जायचं कशाला? बिऱ्हाड दुसरीकडे गेलं तरी वॉचमनच्या वहीत ते अजून तिसऱ्या मजल्यावरच राहत असावं आणि त्यांचं पार्सल त्यानं इमानदारीनं खालच्या कपाटात ठेवत राहावं, तसं चाललं होतं.

सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ नावाचं एक पान आहे. तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’वर खूण होती. ती ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’वर नेली आणि जतन केलं. पुढच्या चाचणीत ‘रिमोट एसएमटीपी’ असं दिसलं. काम एका टिचकीचं.

पण कपाट उघडायचं राहिलं होतं. सर्व्हरनं मेल ठेवून घेतले असतील, तर ते कुठेतरी असणारच. होस्टिंगवरची केंद्राची जुनी मेलपेटी कुणी पुसलेली नव्हती. तिचा पासवर्ड नव्यानं ठरवला आणि जुनं वेबमेल उघडलं.

ठळक अक्षरांतल्या, न वाचलेल्या ओळी पडद्याच्या खालपर्यंत गेल्या होत्या. सगळ्यांचा विषय एकच, फॉर्मनं घातलेला: ‘साहित्याची मागणी’. मी एकेक उघडायला लागले. ‘वडिलांना पक्षाघात झाला आहे, सोमवारी सोडणार आहेत, फाउलर बेड मिळेल का?’ ‘आईला बेडसोर झालेत, एअर बेड हवा, अनामत किती?’ ‘माझ्या मुलाला तीन महिने प्लास्टर आहे, शाळेत न्यायला व्हीलचेअर पाहिजे, रोज संध्याकाळी परत आणून देऊ.’ हा शेवटचा वाचून मी थांबले. रोज संध्याकाळी परत आणून देऊ, असं लिहिलंय त्या आईनं. दुसऱ्या कुणाला रात्री लागली तर म्हणून. मधूनच काही वेगळेही होते. ‘आमचे बाबा गेले. त्यांचा कॉन्सन्ट्रेटर चांगल्या स्थितीत आहे, केंद्राला द्यायचा आहे, कुणी घेऊन जाईल का?’ देणाऱ्याचाही निरोप त्याच कपाटात आणि मागणाऱ्याचाही. मस्कतच्या बाईंचे दोन्ही निरोप एकाखाली एक होते. दुसऱ्यात त्यांनी ‘कृपया’ तीनदा लिहिलं होतं.

मी सगळे निरोप तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवून काकांना पाठवले. काय झालं ते फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सगळ्यांना फोन करतो. जुन्यात जुना असेल त्यालासुद्धा.”

आणि त्यांनी केले. कुणी म्हणालं, मिळाला आम्हाला बेड दुसरीकडून. कुणी भाड्यानं आणला होता, दिवसाचे पैसे भरत होते, त्यांनी आनंदानं बदलून घेतला. प्लास्टरवाल्या मुलाचं प्लास्टर निघालं होतं. दोन-तीन घरांत, “आता गरज नाही हो,” एवढंच उत्तर आलं, आणि त्याचा अर्थ काकांना विचारावा लागला नाही. तिथे त्यांनी आमच्याकडून राहून गेलं म्हणून माफी मागितली. कॉन्सन्ट्रेटर देऊ इच्छिणाऱ्या घरी ते स्वतः रिक्षा घेऊन गेले. संकेतस्थळाच्या दुरुस्तीत या फोनांचा हिशेब कुणी धरत नाही. मला विचाराल तर मूळ दुरुस्ती तीच. सेटिंग बदलल्यानं उद्याचे निरोप पोहोचतात, कालचे नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण राउटिंग बदलल्यावर मी वेगवेगळ्या पत्त्यांनी फॉर्म भरून बघितला आणि नवा घोळ समोर आला. फॉर्ममध्ये माझा जीमेल पत्ता लिहिला की निरोप केंद्राच्या स्पॅममध्ये जात होता. याहूचा पत्ता लिहिला की येतच नव्हता. ट्रॅक डिलिव्हरीत या वेळी लाल खूण आणि गूगलच्या सर्व्हरचं उत्तर: ५५०, ५.७.२६, याहूच्या नावानं आलेला हा मेल अधिकृत असल्याचा पुरावा नाही आणि त्या डोमेनचं धोरण असा मेल नाकारा असं सांगतं. जोवर सर्व्हर निरोप घरातच ठेवून घेत होता, तोवर हे दुखणं दबलेलं होतं. दार उघडलं आणि ते बाहेर आलं. बिघाड शोधताना असं नेहमी होतं. एक गाठ सुटली की तिच्याखालची दिसते, आणि पहिली सुटल्याच्या आनंदात तिथेच थांबलं तर दुसरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुने फॉर्म एका विशिष्ट पद्धतीनं बांधलेले असतात. भरणाऱ्यानं आपला जो पत्ता लिहिला, तोच मेलचा ‘प्रेषक’ म्हणून लावायचा. हेतू चांगला: काकांनी उत्तराचं बटण दाबलं की उत्तर थेट त्या माणसाला जावं. पण याचा अर्थ असा की आमचा सर्व्हर जगाला सांगतो, हा मेल याहूच्या अमुक माणसानं पाठवला आहे. ते खरं नाही. पाठवला आमच्या सर्व्हरनं.

पूर्वी हे खपत होतं. मेल वाहून नेण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहून काढली. तेव्हाचं जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचं, एकमेकांच्या ओळखीतलं. प्रेषकाच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकत होतं. ते तपासायची सोय त्या पद्धतीत नव्हतीच. पुढे फसवणुकीचे मेल वाढले आणि तपासणीचे थर एकावर एक चढत गेले. एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवावा याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि २०१५ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेलं डीमार्क म्हणजे या दोन्हींपैकी काहीच प्रेषकाच्या डोमेनशी जुळलं नाही तर मेलचं काय करायचं, याची डोमेनमालकानं दिलेली सूचना. याहूनं त्याच्याही आधी, एप्रिल २०१४ मध्येच, आपल्या डोमेनसाठी ‘नाकारा’ अशी सूचना लावली होती. आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनीही मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी नियम कडक केले: निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, मोठ्या संख्येनं (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० च्या वर) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. माझं मत विचाराल तर हे नियम योग्यच आहेत. आपल्याकडे बँकेच्या नावानं येणाऱ्या खोट्या मेलनी किती वयस्कर माणसांचे पैसे गेले आहेत, ते आपण बघतोच. फक्त या नियमांच्या तडाख्यात हजारो लहान संस्थांचे जुने फॉर्म गपचूप आले, आणि त्यांना ते कळवणारं कुणी नव्हतं.

नकाराचं पत्र सर्व्हरकडे परत येत होतंच. पण ते होस्टिंग खात्याच्या मूळ पेटीत जात होतं, जी कुणी उघडत नाही.

उपाय मी मुळापासून केला. प्रेषकाच्या जागी कायम केंद्राचाच पत्ता. भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात. काकांचं उत्तर तरीही त्याच माणसाला जातं. मेल सर्व्हरच्या मेल प्रोग्रामकडे द्यायचाच नाही. वर्डप्रेसला एसएमटीपीचं प्लगइन लावून गूगलच्याच सर्व्हरकडे, पोर्ट ५८७ वरून, रीतसर ओळख पटवून सोपवायचा. त्यासाठी खात्याला दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढला. खात्याचा नेहमीचा पासवर्ड असा वापरणं गूगलनं केव्हाच बंद केलं आहे आणि तसा तो संकेतस्थळावर ठेवूही नये. डीकेआयएमची सही चालू केली, तिची नोंद डीएनएसमध्ये घातली. एसपीएफची नोंद बघितली तर दोन निघाल्या, एक जुनी होस्टिंगची आणि एक नवी गूगलची. हे फार ठिकाणी आढळतं. नियमाप्रमाणे एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असते. दोन दिसल्या की तपासणारा सर्व्हर ती चूक धरतो आणि दोन्ही वाया जातात. जुनी काढली. मग जीमेल, याहू, रेडिफमेल, आउटलुक, प्रत्येकाचा पत्ता लिहून फॉर्म भरला. आलेल्या मेलवर ‘शो ओरिजिनल’ उघडून बघितलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. ते तीन शब्द एकाखाली एक बघून मला खूप बरं वाटलं.

तरीही मन मानेना. मेल हा अखेर मेल आहे. उद्या अ‍ॅप पासवर्ड कुणी रद्द केला, होस्टिंगनं पोर्ट अडवलं, तर पुन्हा तेच. ज्या निरोपावर कुणाचा तरी डिस्चार्ज अवलंबून आहे, तो एकाच वाटेवर सोडून देणं मला पटत नव्हतं. आमचा फॉर्म ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ या प्लगइनवर आहे. ते निरोप मेलनं पाठवतं, पण स्वतःजवळ साठवत नाही. मेल हरवला की निरोपाचा मागमूस राहत नाही. आमचे निरोप जुन्या पेटीत सापडले, हा केवळ योग. ती पेटी कुणी पुसली असती तर ते कायमचे गेले असते. त्याच लेखकाचं ‘फ्लेमिंगो’ नावाचं दुसरं प्लगइन निरोप संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये जपून ठेवतं. ते लावलं. अर्थात जपून ठेवायचं म्हणजे जबाबदारीही आली. कुणाला कसला आजार, घरी एकटं कोण राहतं, ही माहिती बाहेर जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी हे पाळायला हवं होतं. लॉगिन फक्त काकांकडे आणि माझ्याकडे ठेवलं, आणि साहित्य परत आलं की तो निरोप पुसायचा असं ठरवलं.

हिरव्या चौकटीतलं वाक्यही बदललं. आता तिथे असं येतं: ‘आपली मागणी नोंदवली आहे. आपला नोंद क्रमांक हा. उद्या संध्याकाळपर्यंत केंद्रातून फोन आला नाही, तर कृपया या नंबरवर फोन करा.’ खाली केंद्राचा नंबर. पाठवल्याचं आश्वासन काढून टाकलं, कारण ते देणं त्या चौकटीच्या हातात नाही. वाट किती बघायची आणि त्यानंतर काय करायचं, हे मात्र ती नक्की सांगू शकते.

क्रमांकाची कल्पना काकांची. “आमच्याकडे बँकेत व्हाउचरला नंबर असायचा,” ते म्हणाले. “एक जरी मधला नसला तरी संध्याकाळी हिशेब लागायचा नाही. तसा दे की.” मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं असं नाही, पण क्रमांक मी नेहमी भरणाऱ्याच्या सोयीसाठी धरायचे. काकांनी तो घेणाऱ्याच्या बाजूनं बघितला. न आलेला मेल दिसत नाही. पण क्रमांकांच्या ओळीत पडलेली फट दिसते. मी प्रत्येक निरोपाला ओळीनं क्रमांक मिळेल आणि तो मेलच्या विषयातच छापला जाईल अशी सोय केली. काकांनी लांबट वही घातली, रकाने आखले: क्रमांक, नाव, साहित्य, फोन केला, दिलं, परत आलं.

पुढे एका सकाळी त्यांचा फोन. “बेचाळीसनंतर चव्वेचाळीस आलाय. त्रेचाळीस कुठे आहे?”

मी फ्लेमिंगो उघडलं. त्रेचाळीस तिथे होता. संपूर्ण कानडीत लिहिलेला, अथणीजवळच्या एका गावातून, सोबत दवाखान्याच्या कागदाची लिंक. मेलही गेला होता, पण गूगलनं तो स्पॅममध्ये टाकला होता. परकी लिपी आणि लिंक, दोन्ही एकत्र आल्यानं असावं. तो बाहेर काढला आणि फॉर्मकडून येणारा कुठलाही मेल स्पॅममध्ये टाकू नये असा फिल्टर केंद्राच्या खात्यात लावला.

मिरजेत कानडी वाचणारं माणूस शोधावं लागत नाही. काकांनी शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या मुलाला बोलावून निरोप वाचून घेतला. घशाला नळी बसवलेल्या एका आजोबांसाठी सक्शन मशीन हवं होतं, त्याच दिवशी. केंद्राचं मशीन बाहेर गेलेलं होतं. काकांनी सांगलीच्या एका केंद्राला फोन लावला, तिथे एक शिल्लक होतं. आजोबांच्या नातवाला सांगलीचा पत्ता दिला, अनामतीचं मी बघतो म्हणून तिकडे कळवलं, आणि त्रेचाळीसपुढच्या रकान्यात ‘सांगलीहून दिलं’ असं लिहून मला पुन्हा फोन केला: त्या कानडी लोकांसाठी फॉर्म कानडीतही करता येईल का, एवढं विचारायला.